अकरा मिनिटं

एकोणतीस फेब्रुवारी, अठ्ठ्याऐंशी साल, सोमवार.
मिलच्या हजेरीपटावर अठ्ठावीसच रकाने छापून आलेले,
आणि पहिल्या पाळीचा भोंगा तर होऊन गेला.
खिडकीशी रांग. सगळ्यात पुढे इस्माईल, सूतखात्यातला बदलीवाला:
"आगाशे साब, आज का दिन है कि नहीं?"

बाबांनी पट्टी घेतली, लाल पेन्सिल घेतली,
अठ्ठावीसच्या पलीकडे, जिथे शेरा लिहितात,
तिथे एक उभी रेघ ओढली.
दिवस झाला.

मला हे संध्याकाळी कळलं,
परदेशीपुऱ्याच्या खोलीत, ते बूट काढत असताना.
शाळेत बाईंनी एवढंच सांगितलं होतं,
की चारने भाग जातो म्हणून.
"भाग गेला म्हणून कुणी दिवस देत नाही," बाबा म्हणाले.
टाइमकीपर माणूस. त्यांनी पृथ्वीलाच कामावर लावली:
सूर्याभोवती एक फेरी, ठरलेले दिवस तीनशे पासष्ट,
पण ही बाई फाटकाशी वेळेवर पोचेल तर शपथ.
जुनं कॅलेंडर उतरतं, नवं खिळ्याला लागतं,
आणि ही अजून वाटेत,
सहा तास मागे.

मी म्हटलं, असू दे की मागे.
"असू दे? सातशे वर्षांनी भर मे महिन्यात
सराफ्यात गराडू तळतील, आणि लोक
कानटोप्या घालून खातील."
म्हणून तिचा उशीर मांडून ठेवायचा,
चार वर्षं,
आणि एका फेब्रुवारीत तिला पुरी हजेरी द्यायची.

आईने पोळी लाटता लाटता विचारलं, आणि चंद्र?
यंदा अधिक ज्येष्ठ आहे,
माझ्या माहेराहून तुम्हाला तेहेतीस अनारसे येणार, ते कसले?
"चंद्र बदलीवाला," बाबा म्हणाले,
"वर्षाला अकरा दिवस कमी भरतात त्याचे.
दोन-तीन वर्षांनी एकदम महिनाभर काम देतात,
आणि मिठाई मात्र जावई खातो."

बाबांचा पगार महिन्याचा.
म्हणजे तो सोमवार त्यांनी फुकट केला.
हे आईने सांगितलं, बाबा नव्हे.

खरं तर सहा तासही नाहीत. अकरा मिनिटं कमी.
मिलमध्ये दहा मिनिटांची सवलत होती,
अकराव्याला लाल फुली.
पण अकराव्या मिनिटाला बाबांच्या पेनातली शाई
हटकून वाळायची.
ते पेन झटकायचे, कोपऱ्यात गिरवून बघायचे,
तेवढ्यात माणूस आत.
कॅलेंडरचंही तसंच, ते म्हणायचे.
शंभर वर्षं अकरा मिनिटांकडे काणाडोळा करतं,
मग शतकाच्या तोंडाशी एक दिवस कापतं,
आणि चौथ्या शतकाला
तेवढंही कापत नाही.

मग भोंगा बंद झाला.
मिलच्या चिमणीवर पिंपळ आला.
ब्याण्णवचा एकोणतीस आला, शहाण्णवचा आला,
फाटकाशी माणसं बसून राहिली,
कुणी पत्त्यांचे डाव मांडले,
कुणी पोहे-जिलबीची गाडी.

दोन हजार साली शतक भरलं तरी दिवस कापला गेला नाही.
त्या मंगळवारी बाबा इस्माईलला घेऊन
थकबाकीच्या कचेरीत गेले, काखेत जुना हजेरीपट.
यादीत त्याचे दिवस एकाने कमी होते.
कारकुनाने छापील रकाने मोजले होते,
आणि पेन्सिलची रेघ ही काही रकाना नव्हे.
"बाबूजी, एक दिन से क्या फ़र्क पड़ता है?"

बाबा समोरच्या खुर्चीत नीट बसले,
चष्मा पुसला,
आणि त्याला पृथ्वीपासून सांगू लागले.

कचेरी पाचला बंद व्हायची.
चौकीदार म्हणे किल्ल्या घेऊन दारात उभा होता,
घड्याळात पाच वाजून अकरा मिनिटं,
आणि इस्माईल त्याला म्हणत होता,
थांब जरा,
शाई वाळलीय.